एक पत्ता, अनेक बिऱ्हाडें

पुण्याच्या जुन्या पेठांत ज्यांचें बालपण गेलें त्यांस वाड्याचा पत्ता कसा लिहीत असत हें सांगावयास नको. घराचा आंकडा एक, पेठेचें नांव एक. आंत मात्र पुढल्या चौकांत तीन, मागल्या चौकांत पांच आणि माडीवर दोन अशीं दहा बिऱ्हाडें नांदत असत. टपालवाल्यास आंतल्या खोल्यांची माहिती नसे. तो दिंडीपाशीं उभा राहून हांक देई, आणि कोणाचें पत्र कोणाच्या हातीं जावयाचें हें वाडाच आपसांत पाही. असे वाडे आतां थोडेच उरले; पण त्यांची ती व्यवस्था प्रत्येकाच्या घरांत निराळ्याच रूपानें येऊन बसली आहे. भिंतीवर टांगलेली, दोन-चार शिंगें असलेली, हिरवे दिवे मिचकावणारी जी पेटी आपण राउटर म्हणून ओळखतों, ती अहोरात्र हेंच काम करीत असते. घरांतील दहा उपकरणांस मिळून बाहेरच्या जगांत पत्ता एकच. आणि कोणाचें टपाल कोणाचें, याचा हिशेब ती ठेवते. शास्त्रकार या व्यवस्थेस नेटवर्क ॲड्रेस ट्रान्सलेशन किंवा थोडक्यांत नॅट म्हणतात. आम्ही तीस या लेखापुरतें पत्तापालट म्हणूं.

हा विषय रुक्ष आहे, आणि एरवीं त्यावर लिहिण्याचें आमच्या मनांतहि आलें नसतें. परंतु गेल्या महिन्यांत आम्हांस वाईस जावें लागलें, आणि तेथें जें पाहिलें तें वाचकांस सांगितल्यावांचून राहवेना.

वाईस आमच्या आत्याबाई एकट्या राहतात. वय ८२. यजमान जाऊन बरीच वर्षें झालीं. एकुलते चिरंजीव जर्मनींत म्युनिक येथें नोकरीस आहेत. दोन वर्षांपूर्वीं आत्याबाई न्हाणीघरांत पाय घसरून पडल्या, आणि शेजारच्या बाईंस शंका येऊन त्या डोकावेपर्यंत तीन तास तशाच पडून राहिल्या. आईस घेऊन जावें तर ती घर सोडावयास तयार नाहीं. स्वतः यावें तर नोकरी सुटत नाहीं. अशा पेंचांत सांपडलेल्या मुलानें शेवटीं माजघरांत एक कॅमेरा बसविला, आणि म्युनिकहून दिवसांतून चार वेळां तो आई पाहूं लागला. गेल्या महिन्यांत त्याचा फोन आला. "दादा, आईचा कॅमेरा चार दिवस दिसत नाहीं. ती ठीक आहे म्हणते, पण मला झोंप लागत नाहीं. तूं एकदां जाऊन येशील कां?" आम्ही व्यवसायानें या विद्येंतले नव्हों, घरच्या गरजेपोटीं चार गोष्टी शिकलों, इतकेंच. तथापि पुढच्याच रविवारीं सकाळच्या गाडीनें निघालों.

तेथें काय घडलें तें कळण्यास ही पेटी आपलें काम कसें करते हें आधीं पाहावयास हवें. घरांतील प्रत्येक उपकरणास ती एक आंतला पत्ता देते. हे पत्ते बहुधा १९२.१६८ या आंकड्यांनीं सुरू होतात, आणि ते केवळ उंबऱ्याच्या आंत चालतात. तुमच्या फोनचा पत्ता १९२.१६८.१.७ असेल, आणि त्याच क्षणीं नागपुरांत दुसऱ्या कोणाच्या दूरदर्शन-संचाचाहि तोच असेल. माजघर म्हटलें म्हणजे ज्याच्या त्याच्या घरचें माजघर, तसेंच हें. पत्त्याखेरीज प्रत्येक उपकरणास ० पासून ६५,५३५ पर्यंत क्रमांकांच्या खिडक्या असतात. त्यांस पोर्ट म्हणतात. फोन एखाद्या वर्तमानपत्राचें पान मागतो, तेव्हां तो आपल्या कोणत्या तरी खिडकींतून, समजा ५०,१२२ मधून, बाहेर पत्र टाकतो. तें पत्र दारापाशीं आलें, कीं राउटर त्यावरील पाठविणाराचा पत्ता खोडतो, तेथें घराचा एकमेव सार्वजनिक पत्ता घालतो, स्वतःच्या एका खिडकीचा क्रमांक लिहितो, आणि आपल्या वहींत नोंद करतो कीं या खिडकीवर अमुक ठिकाणाहून उत्तर आलें तर तें १९२.१६८.१.७ च्या ५०,१२२ व्या खिडकींत द्यावें. उत्तर येतें, वही पाहिली जाते, पत्ता उलट पालटला जातो, आणि पान तुमच्या हातांत पडतें. कांहीं काळ त्या खिडकीवर हालचाल झाली नाहीं, तर ती ओळ पुसली जाते.

यांतील मर्म असें, कीं वहींतील प्रत्येक ओळ आंतून कोणी तरी आधीं बोलल्यामुळेंच उमटते. बाहेरून कोणी आपणहून दार ठोठावलें, तर राउटर वही उघडतो, त्याचें नांव सांपडत नाहीं, आणि तो तें पत्र टाकून देतो. असभ्यपणा खरा, पण वेळोवेळीं कोण कोण दार ठोठावीत असतें हें एकदां पाहिलें म्हणजे तो असभ्यपणा प्रिय वाटूं लागतो.

आतां म्युनिकच्या मुलाचेंच पाहा. तो बाहेरून येणारा. वाईच्या कॅमेऱ्यानें त्याच्याशीं आधीं बोलणें सुरू केलेलें नाहीं, म्हणून वहींत ओळ नाहीं. त्यासाठीं राउटरला एक कायमची आज्ञा लिहून द्यावी लागते, कीं बाहेरून अमुक क्रमांकाच्या खिडकीवर जो कोणी येईल त्यास विचारपूस न करतां अमुक उपकरणापाशीं न्यावें. हेंच पोर्ट फॉरवर्डिंग. कांहीं पेट्यांच्या पानावर यास व्हर्च्युअल सर्व्हर असेंहि नांव असतें. "जो कोणी येईल त्यास" हे शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावे. आज्ञा मुलासाठीं लिहिलेली असली, तरी राउटरला मुलगा आणि चोर यांत भेद कळत नाहीं.

ही सारी उठाठेव कां करावी लागली, असा प्रश्न साहजिक आहे. इंटरनेटच्या पत्त्यांची जी पद्धति १९८१ च्या सप्टेंबरांत लेखनिविष्ट झाली, तींत पत्त्यास ३२ द्विमान अंक दिलेले आहेत. त्यांतून ४ अब्ज २९ कोटि ४९ लक्ष ६७ हजार २९६ पत्ते होतात. त्या वेळीं विद्यापीठांतील आणि सरकारी खात्यांतील मूठभर यंत्रेंच जोडावयाचीं होतीं, तेव्हां ही संख्या अक्षय्य थाळीसारखी वाटली असल्यास नवल नाहीं. दहा-बारा वर्षांतच थाळीचा तळ दिसूं लागला. १९९४ च्या मे महिन्यांत केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस या दोघांनीं एक छोटेखानी टिपण प्रसिद्ध करून पत्तापालटाची युक्ति मांडली, आणि ती तात्पुरती सोय म्हणूनच मांडली. १९९६ च्या फेब्रुवारींत आंतल्या वापराचे पत्ते ठरले: १० नें सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे, आणि आपले घरोघरचे १९२.१६८. आपल्याकडे सामान्य नागरिकांस इंटरनेट मिळालें तें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं, विदेश संचार निगमाच्या द्वारें. म्हणजे पंगत बसली तेव्हां वाढपी आधींच काटकसरीनें वाढूं लागले होते. ३ फेब्रुवारी २०११ रोजीं मध्यवर्ती कोठारांतील शेवटचे गठ्ठे वांटून संपले, आणि त्याच वर्षीं १५ एप्रिलपासून आशिया-प्रशांत विभागांत शिल्लक पत्ते मोजून-मापून देण्यास सुरुवात झाली. तात्पुरती म्हणून बांधलेली पडवीच घराचा मुख्य भाग होऊन बसावी, तसा हा प्रकार. पडवीच्या दारामुळें चोरहि अडतो हें खरें. पण तें दार चोरासाठीं बांधलेलें नव्हतें, जागेच्या टंचाईपायीं बांधलेलें होतें. हा फरक पुष्कळ लोक विसरतात, आणि वाईस तोच आमच्या समोर उभा राहिला.

आत्याबाईंनीं पोह्यांची बशी पुढें ठेविली, आणि आम्हीं खुर्ची ओढून राउटरचें पान उघडलें. हें पान पाहण्यास घरच्याच जाळ्यावर असलेल्या संगणकांत बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ हा पत्ता टंकावा लागतो, अर्थात् इंग्रजी अंकांत. नेमका कोणता तें पेटीच्या पोटावर चिकटविलेल्या चिठ्ठीवर असतें. प्रवेशाचें नांव आणि परवलीचा शब्दहि त्याच चिठ्ठीवर होता, आणि तो चालला. येथेंच आमच्या मनांत पहिली पाल चुकचुकली. चिठ्ठीवरचा शब्द चालतो याचा अर्थ तो कोणीं कधीं बदललेलाच नाहीं.

आज्ञांच्या पानावर दोन ओळी होत्या. बाहेरच्या ८० व्या आणि ५५४ व्या खिडकीवर येणारा प्रत्येकजण थेट कॅमेऱ्यापाशीं जावा, अशी त्यांत सोय होती. पहिली खिडकी कॅमेऱ्याच्या व्यवस्थेची, दुसरी त्याच्या चित्राची. बसवून देणारा कारागीर दहा मिनिटांत हें करून गेला होता, आणि फोनवर आईचें चित्र दिसूं लागल्यावर मुलासहि आणखी कांहीं विचारण्याचें कारण राहिलें नव्हतें. मग कॅमेऱ्याचें स्वतःचें पान उघडलें. तेथेंहि कारखान्यांत दिलेलाच परवलीचा शब्द.

कॅमेऱ्यांत कोण केव्हां येऊन गेलें याची यादी असते. आम्हीं ती उघडली, आणि म्युनिकला फोन लावून भावास विचारलें कीं तूं कोठून कोठून पाहत होतास? तो म्हणाला, फक्त घरून. त्याच्या घराचा पत्ता त्या यादींत पुष्कळ वेळां होता. त्याशिवाय आणखी अकरा पत्ते होते. कांहीं एकदांच येऊन गेले होते. तीन मात्र पुन्हां पुन्हां, रात्रीं दोनच्या, पहांटे चारच्या सुमारास. शेवटची नोंद पांच दिवसांपूर्वींची होती.

आत्याबाई आमच्या मागें उभ्या होत्या. त्यांस आंकडे कळले नाहींत. आमचा चेहरा कळला. "काय रे, काय झालं?" म्हणून त्यांनीं विचारलें. खोटें सांगण्याचा मोह झाला. पण घर त्यांचें, माजघर त्यांचें. आम्हीं सांगितलें. त्या थोडा वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग पदर सांवरून म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस मला कोण पाहत होतं?" या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि आजहि नाहीं. असलीं बहुतेक आगमनें माणसांचीं नसतात. जगांतील प्रत्येक पत्त्याचें दार ठोठावीत फिरणारीं यंत्रें असतात, हें आम्हीं त्यांस समजावून सांगितलें. २०१६ सालीं मिराई नांवाच्या दुष्ट प्रणालीनें कारखान्याचे सुमारे साठ ठराविक शब्द आळीपाळीनें लावून असे लाखों कॅमेरे व पेट्या ताब्यांत घेतल्या होत्या, आणि त्यांच्या बळावर त्या वर्षींच्या २१ ऑक्टोबरास अमेरिकेंतील मोठमोठीं संकेतस्थळें कांहीं तास बंद पाडलीं होतीं. तिला कोणाच्या आईच्या माजघरांत स्वारस्य नव्हतें. पण तीन पत्ते पुन्हां पुन्हां कां आले याचा उलगडा तेवढ्यानें होत नाहीं. आणि आत्याबाईंसहि तो झाला नाहीं, असें त्यांच्या मुद्रेवरून दिसलें.

मग पांच दिवसांपूर्वीं ही वर्दळ एकाएकीं कां थांबली? त्याचेंच उत्तर कॅमेरा कां दिसेनासा झाला याचेंहि उत्तर होतें. पांच दिवसांपूर्वीं आत्याबाईंनीं स्वस्त पडतें म्हणून दुसऱ्या कंपनीची जोडणी घेतली होती. नव्या कंपनीच्या माणसानें आपली पेटी भिंतीस लावली, आणि तिच्यामागें जुना राउटर तसाच जोडून दिला. झालें काय, कीं वाड्याच्या आंत वाडा झाला. बाहेरची नवी पेटी पत्ता पालटी, आंतला जुना राउटर पुन्हां पालटी. जुन्याच्या वहींत आज्ञा होती, पण नवीच्या वहींत नव्हती, त्यामुळें पाहुणा बाहेरच्या दारींच अडे. एवढेंच असतें तर नवीलाहि तशीच आज्ञा देऊन भागलें असतें. परंतु नव्या पेटीचा बाहेरचा पत्ता आम्हीं पाहिला, तो १०० नें सुरू होत होता, आणि पुढचा आंकडा ६४ ते १२७ च्या दरम्यानचा होता. २०१२ च्या एप्रिलांत हा पट्टा सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या आंतल्या वापरासाठीं राखून ठेवण्यांत आला. त्याचा अर्थ असा, कीं नव्या कंपनीनें शेंकडों घरांस मिळून एकच सार्वजनिक पत्ता ठेविला आहे, आणि त्या महावाड्याची वही कंपनीच्या कचेरींत आहे. तेथें आपली आज्ञा चालत नाहीं. वाचकांपैकीं कोणास राउटरवर सर्व कांहीं बिनचूक लिहूनहि बाहेरून घर गांठतां येत नसेल, तर त्यांनीं प्रथम हीच गोष्ट पाहावी: राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता, आणि एखाद्या संकेतस्थळास "माझा पत्ता काय?" असें विचारल्यावर तें सांगतें तो पत्ता, हे दोन्ही एकच आहेत कां? नसतील, तर वर आणखी एक वाडा आहे. महिना कांहीं रुपये अधिक देऊन स्वतंत्र सार्वजनिक पत्ता पुष्कळ कंपन्या देतात.

म्हणजे पत्त्यांच्या टंचाईनेंच, कोणाच्याहि मनांत नसतां, आत्याबाईंचें दार लावून घेतलें होतें. मुलाची झोंप गेली ती ज्या कारणानें, त्याच कारणानें त्या अकरा पाहुण्यांचीहि वाट बंद झाली. आम्ही दुरुस्त करावयास गेलों होतों तो बिघाड खरें म्हणजे पहिलाच सुधार होता.

कॅमेरा काढूनच टाकावा, असें आम्हीं सुचविलें. आत्याबाईंनीं मान हलविली. "त्याला झोंप लागायची नाहीं रे." मात्र माजघरांत नको, ओसरींत ठेवा, मी सकाळ-संध्याकाळ तेथें बसतें, तेवढें दिसलें म्हणजे झालें, आणि बंद करण्याचें बटण माझ्या हातीं असूं द्या, अशा त्यांनीं तीन अटी घातल्या. इतक्या नेमक्या अटी आम्हां शिकलेल्यांपैकीं कोणासहि सुचल्या नव्हत्या.

पुढचें काम त्या दुपारीं झालें. जुन्या राउटरचें पत्ते वांटण्याचें आणि पालटण्याचें काम बंद करून त्यास केवळ बिनतारी लहरी पसरविण्यापुरता ठेविला; दोन्ही जुन्या आज्ञा पुसल्या; सगळे परवलीचे शब्द बदलले. नव्या पेटींत कॅमेऱ्यास एक आंतला पत्ता कायमचा नेमून दिला. ही पायरी पुष्कळजण गाळतात, आणि चार दिवसांनीं पत्ते फिरले कीं आज्ञा भलत्याच उपकरणाकडे बोट दाखवूं लागते. बिऱ्हाडांनीं खोल्या बदलल्यावर जुन्याच खोलींत पत्र टाकल्यासारखें होतें. कॅमेऱ्यास स्वतःहून बाहेर जाण्याचीहि मनाई केली.

राहिला प्रश्न मुलाचा. वाईस बाहेरून येतां येत नाहीं. पण वाईहून बाहेर जातां येतें. तेव्हां दार उघडावयाचें तें म्युनिकला. तेथील राउटरचा पत्ता खराखुरा सार्वजनिक आहे याची खात्री भावानें वर सांगितलेल्या रीतीनें केली. त्याच्या घरीं एक लहान संगणक सदैव चालू असतो. त्यास नेमका पत्ता देऊन राउटरवर एकच आज्ञा लिहिली: यू. डी. पी. प्रकारची, ५१,८२० व्या खिडकीची. त्या खिडकींत वायरगार्ड नांवाची प्रणाली बसविली. तिचें वैशिष्ट्य असें, कीं गुप्त किल्ली जवळ नसलेला कोणी आला तर ती त्यास नकारहि देत नाहीं. मुळीं उत्तरच देत नाहीं. ठोठावणाराच्या दृष्टीनें तेथें दारच नसतें. त्या घराचा सार्वजनिक पत्ता मधून मधून बदलतो, म्हणून त्यास एक नांव घेतलें, जें नव्या पत्त्याबरोबर आपोआप फिरतें. इकडे वाईस आम्हीं आमच्याजवळचा रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक बसविला. तो म्युनिकला साद घालतो, आणि दर पंचवीस सेकंदांस एक लहानसा निरोप धाडीत राहतो, जेणेंकरून वाटेवरच्या वह्यांतील ओळ पुसली जाऊं नये. म्युनिकहून आलेली मागणी तो स्वतःच्या नांवानें कॅमेऱ्यापाशीं नेतो. म्हणजे तेथें पुन्हां पत्तापालट आलाच. दोन्ही घरांच्या आंतल्या पत्त्यांचे आंकडे निराळे आहेत, हें आमचें दैव. तेच असते तर कोणतें माजघर कोणाचें हा घोळ निस्तरीत रात्र गेली असती.

तीन तास लागले, पैकीं एक तास आमच्याच एका चुकीच्या अंकापायीं. ज्यांच्या पेटीस सार्वजनिक पत्ता आहे त्यांस इतका खटाटोप नको. घरच्या राउटरवरच अशी एक खिडकी उघडली म्हणजे पुरे. मात्र यू. पी. एन. पी. म्हणून एक सोय पेट्यांवर असते, तिच्यायोगें घरांतील खेळणींसुद्धां आपणहून राउटरकडून दारें उघडवून घेतात. ती बंद ठेवावी. डी. एम. झेड. नांवाची दुसरी एक सोय सगळींच दारें एका उपकरणावर उघडते. तिच्या वाटेस जाऊंच नये. आणि परीक्षा पाहतांना फोनचें घरचें बिनतारी जाळें बंद करून मोबाईल कंपनीच्या जाळ्यावरून पाहावें, कारण घरांत बसून घराच्याच बाहेरच्या पत्त्यास हांक मारली तर कित्येक राउटर गोंधळतात, आणि बरोबर लिहिलेलें चूक वाटतें.

संध्याकाळीं म्युनिकहून भावानें ओसरी पाहिली. आत्याबाई वाती वळीत बसल्या होत्या. त्यांनीं कॅमेऱ्याकडे पाहिलें नाहीं, पण आम्हांस म्हणाल्या, "दिसतें म्हणतो ना?" दिसतें, म्हणून आम्हीं सांगितलें. त्यानंतरचे चार रविवार आम्हीं दोन्ही टोंकांच्या नोंदी तपासल्या. नांव एकाचेंच आहे. रात्रीं नऊ वाजतां आत्याबाई उठून ओसरीचें बटण बंद करतात, आणि मग आंत जाऊन दुधाचें विरजण लावतात. म्युनिकला तेव्हां अजून दिवस मावळलेला नसतो. मुलगा त्या सुमारास कचेरींतून निघतां निघतां एकदां फोन उघडतो, आणि काळा पडदा दिसला म्हणजे आई निजावयास गेली असें समजतो.